शतांश मिलिमीटरचा कारागीर

मुलांनो, आपली पत्र्याची कंपासपेटी घ्या आणि तिचं झाकण मित्राच्या तशाच पेटीवर ठेवून बघा. बसलं ना? पेट्या हजारो, पण माप एकच! ही किमया ‘डाय’ची. पत्रा दाबून त्याला आकार देणारा पोलादी साचा म्हणजे डाय, आणि तो घडवणारा तो टूलमेकर.

आपल्या नाशिकला सातपूर-अंबडमध्ये गाड्यांचे, विजेच्या उपकरणांचे भाग बनतात. ओझरला विमानं बनतात. टूलमेकरवाचून यातलं काहीच होत नाही.

मग या कामाला काय काय यायला हवं?

पहिलं, मोजमाप. समजा, १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यात १० मिलिमीटरचं भोक पाडायचंय. वरचा पंच १०.०० मिलिमीटरचा, तर खालच्या डायचं भोक साधारण १०.१० चं ठेवतात. म्हणजे सगळीकडून फट फक्त ०.०५ मिलिमीटर! फट वाढली, तर भोकाची कडा बोचरी होते. कमी पडली, तर पंच लवकर झिजतो. इथे फुटपट्टी काय कामाची? मायक्रोमीटरच हवा.

दुसरं, ड्रॉइंग वाचणं. समोरून, वरून, बाजूनं काढलेल्या आकृत्या पाहून वस्तू मनात उभी राहिली पाहिजे. तिसरं, गणित. ‘हिचा काय उपयोग?’ म्हणून आपण जिला नावं ठेवतो, ती त्रिकोणमिती इथे रोज लागते.

चौथा, धीर. शिकाऊ मुलाच्या हाती आधी कानस येते. घासायचं, गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हात भरून येतात. आता सीएनसी यंत्रं आहेत, मग हे कशाला? कारण चुकीचा आकडा दिला, तर यंत्र चूकसुद्धा अगदी अचूक करतं! ती वेळीच ओळखायला हवी. पोलादाला एकदा पाणी दिलं, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलं, की त्यावर कानस चालत नाही. कित्येक दिवसांची मेहनत भंगारात!

आईबाबांनो, दहावीनंतर आयटीआयमध्ये याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चार वर्षांचा डिप्लोमा आहे. मुलगा असो की मुलगी, ‘मार्क कमी पडले, घाला तिकडे’ असं मात्र म्हणू नका. इथे हुशारीच लागते.

आणि मुलांनो, एक परीक्षा घरीच घ्या. पुठ्ठ्याचा ५ सेंटिमीटरचा चौरस कापा. दुसऱ्या पुठ्ठ्यात त्याच मापाचं चौकोनी भोक पाडा. चौरस चारही बाजूंनी फिरवून घट्ट बसला, तर शाबास! नाही बसला, तर दुसरा पुठ्ठा घ्या. टूलमेकरही असाच शिकतो.