ठिपक्यांवरून घाबरण्याआधी

इंग्लंडमधल्या छोट्या शहराची मुख्य बाजारपेठ आकड्यांत हमखास बदनाम दिसते. तिथे राहणारे थोडे, पण दुकानांत आणि पबमध्ये येते सगळी पंचक्रोशी. दर हजार रहिवाशांमागे गुन्हे मोजले की दर फुगतो. 2011पासून पोलिसांच्या संकेतस्थळावर गल्लीनिहाय नकाशा आहे, पण त्यावरचा ठिपका नेमकी नव्हे, अंदाजे जागा दाखवतो. म्हणून गुन्ह्याचा प्रकार आधी बघा. दुकानातली उचलेगिरी वेगळी, मारहाण वेगळी.

या बाजारपेठेची आकड्यांत न दिसणारी बाजूही आहे. शनिवारी रात्री पब सुटतात तेव्हा अनेक ठिकाणी चर्चचे स्वयंसेवक, ‘स्ट्रीट पास्टर्स’, पाण्याच्या बाटल्या आणि स्लिपर घेऊन फिरतात. उंच टाचांचे बूट हातात धरून अनवाणी निघालेल्या मुलीच्या पायात काच जाऊ नये म्हणून! ही माया मला फार मोलाची वाटते. आणि पोलिसांना फोन करायची वेळ आलीच, तर तातडीला 999, एरवी 101.