गुलालाचा फोटो चकचकीत कागदावर

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेला फोटो मोबाइलवर जिवंत दिसतो. तोच घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला की गुलाल विटकरी नाहीतर जांभळट येतो आणि काळ्या दगडाच्या देवळाचं कोरीवकाम डागात बुडून जातं. दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा प्रिंटर धडधाकट असतो. ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि गुलालाचा रंग तर फोटो काढतानाच बिघडलेला असतो.

कागद ओळखा

‘ग्लॉसी’ या एकाच नावाखाली दोन निराळे कागद विकले जातात. स्वस्त प्रकारात कागदावर फक्त चकचकीत लेप असतो. शाईचं पाणी गाभ्यापर्यंत मुरतं आणि गडद भागात कागद लाटा घेतो. दुसरा आर.सी. (रेझिन-कोटेड) कागद. याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यावर शाई धरून ठेवणारा सूक्ष्म छिद्रांचा थर. पाठ हाताला गुळगुळीत लागली तर तो बहुधा आर.सी. समजावा. नुसत्या जीएसएमवर जाऊ नका, कारण लेपाचा कागदही जाड मिळतो. भिंतीवर लावायच्या फोटोला आर.सी.च घ्यावा; पैशाचा फरक प्रिंटमध्ये दिसतो.

प्रिंटरला कागद सांगा

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार मुळात ‘प्लेन’ असतो. तो तसाच राहिला तर प्रिंटर साध्या कागदाच्या हिशेबाने शाई सोडतो. शिवाय बऱ्याच टँक प्रिंटरांत रंगीत शाया विरघळणाऱ्या रंगाच्या, तर काळी शाई बारीक कणांची असते. ती काळी चकचकीत थरात मुरत नाही, वरच राहते आणि बोट लागलं की फासली जाते. ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडलं की असे प्रिंटर ती काळी बाजूला ठेवून रंगीत शायांच्या मिश्रणातून काळा रंग तयार करतात. त्यासोबत दर्जा ‘हाय’ ठेवा.

मापाकडेही बघा. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो, ४×६ इंची कागद ३:२ प्रमाणात. आडवा फोटो कागदभर छापला तर उंचीचा नववा भाग कापला जातो, आणि नेमका यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच सासनकाठीचा शेंडा जातो. निनाम पाडळीच्या मानाच्या काठीचा फोटो घ्यायचा असेल, तर वर मोकळं आभाळ सोडूनच घ्या.

गुलालाचा रंग

कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगवेगळे मोजतो. चैत्राच्या भर उन्हात गुलालाचा लाल भाग सगळ्यांच्या आधी काठोकाठ भरतो. मग उधळलेल्या गुलालाचे थर, सदऱ्यावरच्या चुण्या, सगळं एकाच गुलाबी पत्र्यासारखं सपाट होतं. हा गेलेला तपशील कोणताही प्रिंटर परत आणू शकत नाही. म्हणून फोटो काढताना स्क्रीनवर गुलालावर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघते तेव्हा ऊन उतरलेलं असतं. गुलालासाठी तीच वेळ मला सर्वांत चांगली वाटते.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. चौकट गुलाबी रंगानेच भरलेली असली की कॅमेरा तो रंग मारायला बघतो, त्यामुळे गुलाल मलूल पडतो आणि पांढऱ्यावर हिरवट झाक येते. छापण्याआधी टोपीची किंवा धोतराची गुलाल न लागलेली एखादी कड शोधा आणि ती पांढरी दिसेपर्यंत रंग सुधारा. रंग भडक करण्याचा मोह मात्र आवरा. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद पडलेला उजेड परत देतो; पडद्यावरची झगमगती गुलाबी छटा शाईच्या आवाक्याबाहेर असते. भडकपणा किंचित उतरवला तर चुण्या आणि थर उमटतात. देवळाच्या दगडासाठी सावल्या थोड्या उजळा. रंग सुधारण्याचं काम फोटोच्या ॲपकडे दिलं असेल, तर प्रिंटरमधली रंगसुधारणा बंद ठेवा.

एवढं करूनही गुलाल जांभळाच आला तर पिवळी शाई अडली आहे का, हे नोझल चेक छापून पाहा.

फाइल आणि वाळवण

४×६ इंची प्रिंटला १२००×१८०० पिक्सेल हवेत, ए४ला साधारण २४८०×३५०८. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आक्रसतो. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

प्रिंट हाताला लगेच कोरडी लागते, पण आत ओल असते. एक दिवस सुटी पसरून ठेवा, एकावर एक रचू नका. जोतिबा-पन्हाळ्याच्या पट्ट्यातल्या पावसाळ्यात तर आणखी वेळ द्या. उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, दमट कागदावर शाई पसरते. विरघळणाऱ्या रंगाची शाई उघड्या हवेने आणि उन्हाने विटते, म्हणून फ्रेमला काच हवीच. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट घाला. नाहीतर दमट हवेत चकचकीत थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फोटो फाटतो. देवघरात लावताना समईच्या काजळीपासून हातभर दूर लावा.