सेवाग्रामातला नास्तिक

देव आहे की नाही, यावर मी वर्गात बरीच वर्षं बोललो. जगाला कर्ता हवाच, हे नैयायिकांचं म्हणणं, त्यावर मीमांसकांचं आणि बौद्धांचं खंडन, मग परीक्षा. पोरांचं पाठांतर चोख व्हायचं, मत मात्र कुणाचंच तसूभर हलायचं नाही. निवृत्तीनंतर मी तो क्रम सोडून दिलाय. आता कुणी वाद घालायला आलं की आमच्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची हकीकत सांगतो.

गोपराजू रामचंद्र राव, ऊर्फ गोरा. जन्म १९०२चा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, नास्तिक मतांपायी नोकरी गेली. १९४० साली आंध्रातल्या मुदुनूर गावी त्यांनी नास्तिक केंद्र काढलं. ईश्वर म्हणजे नेमकं काय, असं त्यांनी १९३०मध्येच गांधींना पत्रातून विचारलं होतं. ते मानवी बुद्धीपलीकडचं आहे, असं उत्तर आलं. एरवी विषय तिथेच मिटला असता. पण १९४४च्या अखेरीस गोरा सेवाग्रामला आले.

गांधींपुढे त्यांनी बंगालचा दुष्काळ मांडला. कलकत्त्यात माणसं मिठाईच्या दुकानांसमोर उपाशी मेली, पण दुकानाला हात लावला नाही, कारण नशीब! दैवावरचा भरवसा सुटला तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील, जातही टाकील, हा गोरांचा दावा. मला तो पुरता पटत नाही. पोलिसांचा धाक होता, अंगात त्राणही उरलं नसणार. पण श्रद्धेमुळे माणूस वागतो कसा, या मुद्द्यावर त्यांनी वाद आणला, हे मोलाचं.

माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, अशा अर्थाचं गांधी बोलले. ‘ईश्वर हे सत्य’ सोडून ‘सत्य हाच ईश्वर’ असं ते आधीपासूनच म्हणत होते. यात थोडी वकिली आहे, असं मला वाटतं.

खरी कसोटी लग्नाची. गोरांची मुलगी मनोरमा आणि दलित तरुण अर्जुनराव यांचं लग्न आश्रमात लावायला गांधी तयार झाले. विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायलाही. तोवर गांधी राहिले नाहीत. लग्न मात्र १३ मार्च १९४८ रोजी सेवाग्रामातच लागलं. गोरांनी या भेटींवर लिहिलेलं पुस्तक १९५१मध्ये नवजीवननं काढलं. प्रस्तावना गांधींच्या निकटच्या किशोरलाल मशरूवालांची.

तुमच्या घरी गणपतीत आरतीला उभा न राहणारा एखादा भाचा असेलच. त्याच्याशी देवाच्या पुराव्यांवर भांडू नका. लग्नात जात बघणार का, हुंडा घेणार का, ते विचारा. आणि टाळ वाजवणाऱ्या त्याच्या भावालाही तेच विचारा.