शेजारचा भोंगा

आमच्या शेजारचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. घरची माणसं आखातात. दोन वर्षांमागे त्यांनी चोरीचा अलार्म बसवून घेतला, तेव्हा डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर त्याचं कौतुकच झालं. पहिल्यांदा तो वाजला ती जुलैतली रात्र, अडीच वाजले असतील. बाबा कोयता घेऊन, मी टॉर्च घेऊन, समोरचे काका नुसत्या लुंगीवर, सगळे अंगणात. चोर नव्हता. दाराला कुलूप, किल्ली गावात कुणाकडेच नाही आणि भोंगा पहाटेपर्यंत ठणाणत राहिला.

त्या पावसाळ्यात तो आणखी चार वेळा वाजला. दुसऱ्यांदा दोघं उठले. नंतर कुणीच नाही.

"कॉलेजात शिकतेस ना तू? मग बघ ना, तक्रार कुठे करायची ती," काकी म्हणाल्या. म्हणून मी वाचायला बसले.

घरगुती अलार्मसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. खाजगी सुरक्षा संस्थांचा 2005 चा कायदा आहे, पण तो पहारेकरी पुरवणाऱ्यांपुरता. उरतात ते 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, जे आपण पार्ट्यांच्या निमित्तानं ऐकतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 45 डेसिबलची. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचाहून जास्त वर जाता कामा नये, म्हणजे 50. माझ्या मते सायरनही यात बसतो. आता सायरनच्या खोक्यावर एक मीटर अंतरावर 110 असं छापलेलं असेल, तर अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल घटतात. म्हणजे सोळा मीटरवर, आमच्या खिडकीशी, तो 86 च्या आसपास उरतो. झोप कशी लागणार?

तक्रार नियमांखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करता येते. शिवाय सार्वजनिक उपद्रव आहेच: जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 292, दंड हजार रुपयांपर्यंत. पण दंड कुणाला लावणार? मालक आखातात, यंत्र कुलपाआड. नियम आवाज मोजतो, किल्ली कुणाकडे आहे हे विचारत नाही.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच विचारतात. तिथल्या 2005 च्या कायद्यानुसार स्थानिक संस्था एखादा भाग ठरवून देऊ शकते. त्या भागात अलार्म असलेल्या घरमालकानं किल्ली सांभाळणाऱ्यांची नावं कळवायची. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी 2000 मध्ये त्याहून कडक पवित्रा घेतला: आधी कुणीतरी जाऊन खात्री करा, मग आम्ही येऊ. हे आपल्याकडे चालेल असं मला वाटत नाही. पेडण्यात मांद्रे-मोरजीच्या बाजूला दिल्ली-मुंबईच्या लोकांचे बंगले आहेत. तिथे खात्री करायला रात्री जाणार कोण?

बरं, यंत्र खोटं का बोलतं? त्याला चोर दिसतच नाही. भिंतीवरचा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. काचेवरून पाल सरपटली, कोळ्यानं समोर जाळं विणलं, की त्याच्या लेखी माणूस आला. दारावरचा चुंबक आणि त्याचा जोडीदार यांच्यातलं अंतर वाढलं की तो ओरडतो. आपली लाकडी दारं पावसात फुगतात आणि वाऱ्यानं हलतात. त्यात वीज जाते-येते. आतली बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, ती बदलायची असते हे कुणाच्या लक्षात राहतं?

आणि हे फक्त घरगुती यंत्राचं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये पर्वरीत सरकारी आपत्ती-इशारा यंत्रणेचा भोंगा रात्री अचानक वाजला, त्सुनामीचा. वीसेक मिनिटं. त्सुनामी नव्हतीच. खोट्या भोंग्याचं खरं नुकसान झोपमोड हे नव्हे. पुढच्या वेळी माणसं कान बंद करून घेतात, हे आहे.

हे मी आता लिहिते, कारण पाचव्या वेळी मीही तेच केलं. भोंगा ऐकला, चादर डोक्यावर ओढली. सकाळी कळलं, मागचं दार फोडलं होतं. देवघरातली समई, तांब्याचं घंगाळ आणि गॅसचा सिलिंडर गेला. घंगाळ त्यांच्या आजीचं होतं.

फोनवर शेजारच्या वहिनींनी रागावून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वाजला नाही का गो?" मी हो म्हटलं.

दिवाळीत त्या आल्या तेव्हा बॅटरी बदलली आणि सायरन दहा मिनिटांनी आपोआप थांबेल असं करून घेतलं. बाहेरच्या गेटवर आमचा फोन नंबर लावला. किल्ली आता आमच्याकडे आहे, कॅलेंडरच्या खिळ्याला. गेल्या आठवड्यात रात्री एक वाजता भोंगा झाला. बाबांना हाक मारली, टॉर्च घेतली, दार उघडून आत गेले. सेन्सरवर पाल होती. झाडूनं हुसकली, बटण बंद केलं. परत आलो तेव्हा समोरच्या काकांच्या पडवीतला दिवा लागलेला दिसला.