बाहेरचा फुगा

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न, ताईंच्या दोन्ही गालांवर वांग, आणि ओळखीच्या पार्लरमध्ये मे महिन्यात ‘फोटोफेशियल’ स्वस्तात. त्या विचारतात, ‘डॉक्टर, हे लेसरच ना? आत्ता केलं तर लग्नापर्यंत चेहरा साफ होईल ना?’

फोटोफेशियल म्हणजे बहुतेक ठिकाणी आयपीएल. तो लेसर नाही. लेसरला एकच तरंगलांबी असते. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा थोरला भाऊ म्हणा. त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश एकदम बाहेर पडतो आणि त्यातला नको तो भाग पुढचा फिल्टर अडवतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी मला फुगा लागेल. लेसर नवा होता त्या काळात भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शॉलो व्याख्यानाला एक पारदर्शक फुगा घेऊन जात. त्याच्या आत मिकी माउसचा गडद निळा फुगा. रूबी लेसरचा लाल झोत सोडला की आतला मिकी फट्कन फुटायचा आणि बाहेरचा फुगा जसाच्या तसा! लाल प्रकाश पारदर्शक रबरातून आरपार जातो. निळं रबर तो पिऊन घेतं आणि तापतं. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये हेच तत्त्व त्वचेसाठी गणितासकट मांडलं. ज्याला जाळायचं ते जो प्रकाश पितं तो निवडायचा, आणि उष्णता शेजारी झिरपायच्या आत झोत थांबवायचा. गोऱ्या गालावरचे उन्हाचे डाग आयपीएलनंतर कॉफीच्या चुऱ्यासारखे काळपट होतात आणि आठवडाभरात गळून पडतात. इतकं सुंदर काम वैद्यकशास्त्रात मी फार थोडं पाहिलंय.

पण आपला बाहेरचा फुगा पारदर्शक नाही. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातच भरपूर मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, आहे, आणि आयपीएलचा प्रकाश ते वाटेतच पिऊन टाकतं. त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार पाडले, ते मुळात गोऱ्या लोकांपुरते, चारच. पाचवा आणि सहावा नंतर जोडले. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात येतो. म्हणजे गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेले आकडे मशीनवर तसेच ठेवून आपल्या गालावर झोत सोडला, तर तापतो तो बाहेरचा फुगा.

काही वर्षांपूर्वी मेअखेरच्या ऐन नवतप्यात एक मुलगी दवाखान्यात आली. डोळे तेवढे उघडे, बाकी चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेला, आपल्याकडे स्कूटीवर सगळ्याच मुली बांधतात तसा. दुपट्टा सोडला तर दोन्ही गालांवर तपकिरी आयत, ओळीने, विटा रचाव्यात तसे. आयपीएल मशीनचं टोक जिथे जिथे टेकलं, तिथे तिथे त्याचा ठसा. त्या उपचाराच्या आदल्या आठवड्यात मैत्रिणींबरोबर अंबाझरी तलावावर फिरून चेहरा रापला होता, आणि झोत सोडणाऱ्याने ते विचारलंही नव्हतं. त्या विटा पुसट व्हायला थंडी उजाडली. मला अजून त्याचा राग येतो, कारण एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिटही लागत नाही.

वांगाचं तर आणखी नाजूक. तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी आधीच चिडलेल्या असतात. उष्णता लागली की आणखी रंग ओततात. नागपूरच्या मेमध्ये, पारा ४५ च्या घरात असताना, त्यांना वरून फ्लॅश दाखवायचा? ताई, माझं उत्तर स्पष्ट आहे: आत्ता नको.

आत्ता हे करा. दुपट्टा घट्ट विणीचा घ्या आणि कपाळही झाका. सनस्क्रीन रंगाची छटा असलेलं घ्या, आयर्न ऑक्साइडवालं. कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि तो उजेड खिडकीच्या काचेतूनही येतो. मेडिकलमधून कुणी सांगितलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब आणू नका, अशांत स्टेरॉइड असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञाकडून लावायची औषधं सुरू करा. वांगावर पहिला मान त्यांचाच.

पावसाळा सरला की डॉक्टरांना चेहरा पुन्हा दाखवा. त्यांना प्रकाशाचा उपचार योग्य वाटला तर १०६४ नॅनोमीटरच्या लेसरबद्दल विचारा. ती तरंगलांबी मेलॅनिन कमी पितं, म्हणून सावळ्या त्वचेला ती जास्त सोसते. वांग त्यानंतरही परतू शकतं, हे मनाशी धरूनच ठरवा. पहिला झोत गालावर नको, कानापुढे केसांच्या कडेला एकच. मग दोन-तीन आठवडे थांबून तिथला रंग बघायचा. लग्नाआधीचा शेवटचा महिना मात्र पूर्ण मोकळा ठेवा. हळदीच्या दिवशी गालावर फक्त हळद असू द्या.