विश्लेषण : डोळ्यांत अँटिबायोटिक ड्रॉप टाकताना बाकीच्या औषधांचे काय?

पावसाळा सुरू झाला की मालाडमधल्या कोणत्याही औषध दुकानात, मग ते मार्वे रोडवरचे असो की कुरार गावातले, एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डोळे आलेत, एखादा ड्रॉप द्या.’ बाटली मिळते, पैसे दिले जातात, गिऱ्हाईक निघते. या व्यवहारात एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. तुम्हाला आणखी कोणती औषधे सुरू आहेत? घरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आजोबा, काचबिंदूचा ड्रॉप टाकणारी आई किंवा दम्याचा त्रास असलेले कुणी असेल, तर हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

डोळे आले म्हणजे अँटिबायोटिक हवेच का?

नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. पावसाळ्यातील डोळ्यांची साथ बहुतेक वेळा विषाणूंमुळे येते. जुलै २०२३ मध्ये पुण्याजवळच्या आळंदीतून सुरुवात झालेली साथ अनेकांच्या लक्षात असेल. ती पुढे राज्यभर पसरली, रुग्णसंख्या लाखांच्या घरात गेली आणि मुंबईतही दवाखान्यांत गर्दी झाली. तो संसर्गही विषाणूजन्यच होता. असे डोळे साधारण एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. थंड पाण्याच्या पट्ट्या, स्वच्छता आणि डॉक्टरांनी सांगितल्यास कृत्रिम अश्रूंचे थेंब एवढे बहुतेकांना पुरते. पू येत असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, बुबुळाला जखम झाली असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर अँटिबायोटिकची गरज आहे का हे डॉक्टर डोळा तपासून ठरवतात.

दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटे कशासाठी?

बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्याची क्षमता जेमतेम ३० मायक्रोलिटर आणि त्यातही अश्रूंचा थर आधीच असतो. म्हणजे पहिल्याच थेंबाचा काही भाग गालावर ओघळतो. उरलेले औषध मुरायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात दुसरा थेंब टाकला, तर तो पहिल्याला धुऊन बाहेर काढतो. एकाच वेळी दोन थेंब टाकूनही औषध दुप्पट लागत नाही, फक्त बाटली लवकर संपते.

खरी गडबड सकाळी होते. मालाडहून चर्चगेटची लोकल गाठायची असते. मग घरातले ज्येष्ठ असोत वा स्वतःचा डोळा, तीन बाटल्या एका मिनिटात उरकल्या जातात. काचबिंदूचा थेंब टाकून लगेच अँटिबायोटिक टाकले, तर काचबिंदूचे औषध वाया जाते. डोळ्यातला दाब वाढला तरी तो दुखून सांगत नाही, त्यामुळे नुकसान उशिरा कळते. म्हणून दोन वेगवेगळ्या ड्रॉपमध्ये किमान पाच मिनिटे ठेवा. मोबाइलवर पाच मिनिटांचा टायमर लावणे हा सोपा उपाय.

आधी कोणता, शेवटी कोणता?

डॉक्टरांनी क्रम सांगितला असेल तर तोच पाळा. सांगितला नसेल तर आधी पाण्यासारखे पातळ ड्रॉप, मग हलवून वापरायचे दुधाळ ड्रॉप, त्यानंतर जेल आणि सर्वांत शेवटी मलम. मलमाचा तेलकट थर बसला की त्यावर टाकलेला थेंब आत नीट पोहोचत नाही. जेल किंवा मलमाआधी दहा मिनिटे थांबलेले बरे. मलमाने काही वेळ धूसर दिसते, तेव्हा ते लावून लगेच गाडी चालवू नका.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर संसर्ग पूर्ण बरा होईपर्यंत लेन्स बंद ठेवून चष्मा लावा. अनेक ड्रॉपमधले टिकाऊपणासाठीचे रसायन लेन्समध्ये शोषले जाते आणि डोळ्याला त्रास देते.

डोळ्यातला थेंब शरीरात जातो का?

जातो. ड्रॉप टाकल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, ती याचीच खूण. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रुनलिका नाकात उघडते आणि तिथून औषध रक्तात शोषले जाते. अँटिबायोटिक ड्रॉपच्या बाबतीत हे प्रमाण फार कमी असते, त्यामुळे रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांशी सहसा संघर्ष होत नाही. मात्र काचबिंदूसाठी दिला जाणारा टिमोलॉल दम्याच्या रुग्णाला श्वासाचा त्रास देऊ शकतो आणि नाडीचे ठोके मंद करू शकतो. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी आधीच सुरू असेल तर हा परिणाम वाढतो. म्हणून ‘हा फक्त डोळ्याचा ड्रॉप आहे’ असे समजून डॉक्टरांपासून तो लपवू नका.

शोषण कमी करण्याची युक्ती सोपी आहे. थेंब टाकल्यावर डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक ते दोन मिनिटे हलका दाबून ठेवा. औषध डोळ्यात जास्त वेळ राहते आणि घशात कमी उतरते.

डॉक्टरांना आधी काय सांगायचे?

पहिली गोष्ट ॲलर्जी. सल्फा औषधांनी पूर्वी अंगावर पुरळ आले असेल तर सल्फासिटामाइडचा ड्रॉप नको. निओमायसिनमुळेही काहींच्या पापण्या सुजतात, खाज येते. दुसरी गोष्ट रक्ताचे विकार. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होणे अत्यंत दुर्मीळ आहे, पण ज्यांना असा विकार आहे किंवा अस्थिमज्जेवर परिणाम करणारी औषधे सुरू आहेत त्यांनी ते टाळलेले बरे. तिसरी गोष्ट गोळ्या. ड्रॉपसोबत सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळीही दिली असेल तर हिशेब बदलतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध किंवा दम्यासाठीचे थिओफायलिन सुरू असेल तर त्यांचा परिणाम वाढू शकतो. अँटासिड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे शोषण रोखतात, त्यामुळे दोन्हींत अंतर किती ठेवायचे ते विचारून घ्या. हा नियम पोटात घेण्याच्या गोळीचा आहे, ड्रॉपचा नाही. गर्भवती आणि स्तनदा मातांनीही तसे आधी सांगावे.

स्टिरॉइड मिसळलेली बाटली कशी ओळखायची?

सर्वाधिक सावधगिरी इथे हवी. बाजारात नुसते अँटिबायोटिक आणि अँटिबायोटिक अधिक स्टिरॉइड असे दोन प्रकार मिळतात. नावे जवळजवळ सारखी असतात, फरक अनेकदा शेवटच्या एक-दोन अक्षरांचा असतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन लिहिले असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. त्याने लाली झटपट उतरते, म्हणून ‘गेल्या वेळचा चांगला ड्रॉप’ शेजाऱ्यालाही दिला जातो. पण नागिणीच्या गटातल्या हर्पिस विषाणूचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर स्टिरॉइडमुळे तो वाढतो आणि बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. आठवडेच्या आठवडे वापरल्यास डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डॉक्टर जाणीवपूर्वक अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि सूज कमी करणारा ड्रॉप देतात. अँटिबायोटिक लवकर थांबते, स्टिरॉइड आठवड्यागणिक कमी केले जाते. डोळा बरा वाटला म्हणून ते मध्येच बंद करू नका.

चिठ्ठीशिवाय ड्रॉप घेतला तर?

अँटिबायोटिक ड्रॉप डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक तर २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’ यादीत आहेत. त्यांची विक्री करताना डॉक्टर, रुग्ण आणि औषधाच्या मात्रेची नोंद वहीत करून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. या नियमामागचे कारण साधे : गरज नसताना वापरलेले अँटिबायोटिक जिवाणूंना तरबेज करते आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

घरी काय पाळायचे?

हात धुऊन मगच ड्रॉप टाका. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नका. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि लेबलवर वेगळे सांगितले नसेल तर महिनाभरानंतर ती टाकून द्या. कानाचे ड्रॉप वेगळ्या डब्यात ठेवा. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात आणि कानाचा ड्रॉप डोळ्यात पडला तर जोरदार आग होते. असे झालेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांकडे जा.

दवाखान्यात केव्हा धावायचे?

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणे कमी झाले असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर लाली वाढत असेल, तर घरचा ड्रॉप शोधत बसू नका. नवजात बाळाच्या डोळ्यातून पू येणे हीसुद्धा तातडीची बाब आहे. मालाडकरांना कांदिवलीचे शताब्दी आणि विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची मोठी रुग्णालये जवळ आहेत. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्या ड्रॉपच्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटे एका टेबलावर मांडून मोबाइलमध्ये एक फोटो काढा. डॉक्टरांनी ‘आणखी काय सुरू आहे?’ विचारले की तो दाखवा. त्यांनी विचारले नाही, तरी दाखवा.