एका शब्दाची ओळख : ‘ऑरेंज’

वर्गमित्रांनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो,

आपल्या शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ‘ओ फॉर ऑरेंज’ पाठ आहे. आजोबांच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचे. २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवतात. म्हणून आपल्याला शब्द लवकर पाठ होतात. पण पाठ होणे वेगळे आणि समजणे वेगळे. आपण वहीत दोन रकाने पाडतो. डावीकडे ‘ऑरेंज’, उजवीकडे ‘संत्रे’ आणि मध्ये बरोबरचे चिन्ह. हे चिन्ह गणितात चालते, भाषेत दरवेळी चालत नाही. कसे, ते मी या एकाच शब्दावरून सांगतो. नागपूरला सगळे ‘ऑरेंज सिटी’ म्हणतात. तेव्हा निदान हा शब्द तरी आपल्याला पुरता यायला पाहिजे!

आधी स्पेलिंग पाहू. ओ, आर, ए, एन, जी, ई अशी सहा अक्षरे आहेत. शेवटचा ‘ई’ बोलायचा नाही, पण तो बिनकामाचा नाही. तो आहे म्हणून ‘जी’चा उच्चार ‘ग’ न होता ‘ज’ होतो. पेज, केज, व्हिलेज हे शब्द असेच आहेत. मधला ‘ए’ दबका आहे, त्यामुळे इंग्रज माणसाच्या तोंडी हा शब्द ‘ऑरिंज’सारखा ऐकू येतो.

आता या शब्दाचे मूळ गाव कोणते? ऐकून नवल वाटेल, पण ते आपल्याच देशात आहे. संस्कृतात ‘नारंग’ असा शब्द आहे. तो दक्षिणेकडील भाषांतून संस्कृतात आला असावा, असे बरेच विद्वान मानतात. आपल्या मराठीतले ‘नारिंग’ त्याच कुळातले. हा शब्द फळासोबत व्यापाऱ्यांच्या वाटेने पश्चिमेकडे गेला. फारसीत तो ‘नारंग’ राहिला, अरबीत ‘नारंज’ झाला. स्पेनमध्ये आजही ‘नारांहा’ म्हणतात. फ्रान्समधून तो इंग्लंडात पोचला तेव्हा मात्र पुढचा ‘न’ गळून गेला होता.

हा ‘न’ गेला कुठे? इटलीच्या भाषेत ‘एक’ला ‘उना’ म्हणतात. ‘उना नारांचा’ असे भरभर बोलता बोलता दोन ‘न’ एकमेकांत मिसळले आणि ‘अरांचा’ एवढेच उरले. इंग्रजीतही असे घडले आहे. ‘अ नेप्रन’ म्हणता म्हणता ‘ॲन एप्रन’ झाले. क्रिकेटमधल्या ‘अंपायर’च्या पुढेही पूर्वी ‘न’ होता. म्हणजे बोलणाऱ्या माणसांनीच शब्द घडवले आणि बदलले.

‘ऑरेंज’ हे रंगाचेही नाव आहे. पण आधी फळ, मग रंग. फळ माहीत होण्यापूर्वी इंग्रज लोक या रंगाला ‘पिवळा-तांबडा’ असे म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ‘ऑरेंज’ हे रंगाचे नाव लिहिलेले सापडते. त्यांच्याकडच्या रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असते, तरी त्याचे जुने नाव ‘लाल छातीचा’ असेच आहे. आपणही वस्तूंवरूनच रंगांना नावे दिली. जांभळा, गुलाबी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, केशरी ही नावे पाहा. एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्या झेंड्याच्या वरच्या पट्ट्याला इंग्रजीत ‘ऑरेंज’ लिहू नये, ‘सॅफ्रन’ म्हणजे केशरी असे लिहावे.

आता वापर पाहू.

(१) ‘धिस इज ॲन ऑरेंज.’ शब्दाची सुरुवात स्वराने होते म्हणून ‘ॲन’.
(२) ‘धिस इज अ बिग ऑरेंज.’ येथे मध्ये ‘बिग’ आला म्हणून ‘अ’. लगेच पुढे जो शब्द येतो, त्याचा उच्चार पाहायचा.
(३) ‘फाइव्ह ऑरेंजेस’ म्हणजे पाच फळे.
(४) ‘फाइव्ह ऑरेंज बॅग्ज’ म्हणजे नारिंगी रंगाच्या पाच पिशव्या. रंग सांगताना ‘ऑरेंज’चे अनेकवचन होत नाही.

आता मुख्य मुद्दा. बरोबरचे चिन्ह कुठे अडते?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे लावायला रोपे आणली. सोबतच्या इंग्रजी कागदावर ‘नागपूर मँडरिन’ असे छापलेले होते. बाबा म्हणाले, “वाच बरं, हे का लिहून हाय? आपण तं संत्रा मागितला होता.” आजी म्हणाली, “दुसरंच काही देलं का रे बापा त्यायनं?” काळजीचे कारणही होते. संत्र्याचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. रोप भलतेच निघाले तर तेवढी वर्षे आणि तेवढे पाणी वाया जाते.

तो कागद मी गुरुजींना दाखवला. त्यांनी जे समजावले ते असे. इंग्रजीत काटेकोर बोलायचे तर ‘स्वीट ऑरेंज’ म्हणजे घट्ट सालीचे फळ, ज्याला चाकू लावावा लागतो. आपली मोसंबी त्या जातीत येते. ज्याची साल सैल असते, हाताने सुटते आणि फोडी अलगद वेगळ्या होतात, ते ‘मँडरिन’. आपले संत्रे हे मँडरिन आहे. नागपुरात १९८५ साली सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तेथील पुस्तिकांतही ‘नागपूर मँडरिन’ असेच लिहितात. बाजारात आणि रोजच्या बोलण्यात मात्र दोन्हींना ‘ऑरेंज’ चालते. २०१४ साली आपल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेही ‘नागपूर ऑरेंज’ याच नावाने. म्हणून कागदही बरोबर होता आणि बाबांचा संत्राही बरोबर होता. घरी हे सांगितले, तेव्हा दुसऱ्या दिवशी रोपे लागली.

आणखी एक गंमत. ‘मँडरिन’ हा शब्दसुद्धा आपल्या ‘मंत्री’ या शब्दावरून, मलाया आणि पोर्तुगाल फिरून इंग्रजीत गेला. आधी तो चीनच्या अधिकाऱ्यांना लावत, नंतर फळाला लावू लागले.

म्हणून मित्रांनो, इंग्रजी शब्दाला भ्यायचे कारण नाही. मात्र नुसता अर्थ पाठ करून थांबू नका. तो शब्द कुठून आला, वाक्यात कसा बसतो, आणि आपल्या शेतात, घरात त्याला नेमके काय म्हणतात, हे तिन्ही विचारा. पहिल्या दोन गोष्टी गुरुजी आणि शब्दकोश सांगतील. तिसरी मात्र पालकांनाच जास्त माहीत असते.

या फळ्याखाली एक कोरा कागद लावला आहे. बियाण्याच्या, खताच्या किंवा औषधाच्या पुड्यावरचा जो इंग्रजी शब्द तुम्हाला अडला असेल, तो पालकांनी त्यावर लिहावा किंवा आम्हाला सांगावा. पुढच्या अंकात त्यातलाच एक शब्द घेऊ.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी